माझ्यात काही घालू नका

मित्रांनो, माझ्यात डोकावून पाहिलंत तर तुम्हाला सुतळीची भेंडोळी, दोन फाटकी जाळी आणि एक चेपलेलं टमरेल दिसेल. तेवढ्यावरून मला अडगळीचं खोकं समजू नका. मी टाकी आहे. जुनी, काचेची, कोपऱ्यात टवका उडालेली, पण टाकीच. आयुष्यभर माझ्यात साध्या पाण्याखेरीज काही घालायचं नाही असा कडक नियम होता आणि त्या नियमाचा मला भारी तोरा होता. तो तोरा एका दुपारी कसा उतरला, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म काच कापणाऱ्याच्या दुकानात झाला. त्याने पाच काचा कापल्या, कडा घासल्या, सांध्यांमध्ये पारदर्शक चिकट गोंद भरला आणि सगळं दोरीने आवळून वाळायला ठेवलं. एका दातांच्या डॉक्टरांनी मला बनवून घेतलं होतं. दवाखान्यात रंगीत मासे ठेवले की पेशंट घाबरत नाहीत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पण मला हातगाडीवर चढवताना कोपरा दुकानाच्या उंबऱ्याला लागला आणि टवका उडाला. डॉक्टर हात झटकून म्हणाले, "तुटक्या दाताची टाकी दवाखान्यात ठेवू? उद्या लोक माझ्याच कामावर हसतील." झालं. मी दुकानाच्या दारात धूळ खात बसले. येणारेजाणारे माझ्यावर बोटाने रेघोट्या मारायचे.

मग एक बाई आल्या. त्यांनी टवक्याकडे पाहिलंही नाही. काच कापणाऱ्याला मला काठोकाठ भरायला लावलं, स्वतः स्टुलावर बसून राहिल्या आणि बऱ्याच वेळाने कोरडा कागद घेऊन प्रत्येक सांध्यावरून फिरवला. कागद कोरडाच राहिला. "गळत नाही. हीच द्या," त्या म्हणाल्या. मला पारखून घेणारं आयुष्यातलं ते पहिलं माणूस. त्या एका प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत.

प्रयोगशाळेची खोली लांबट होती. खिडकीखाली जाड फळी, फळीवर आम्ही सहा टाक्या ओळीने. आमचं काम काय होतं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कधी कारखान्यात, कधी गोदामात, कधी रस्त्यावर उलटलेल्या ट्रकमधून विष सांडतं. मग आगीचे बंबवाले येतात आणि ते विष मारणाऱ्या औषधाने रस्ते, भिंती, कपडे धुऊन काढतात. त्याला निर्विषीकरण म्हणतात. नाव मोठं, पण काम धुण्याचंच. माणसं वाचतात. पण ते धुवण जातं कुठे? गटारात. गटार ओढ्यात, ओढा तळ्यात. माणसांना वाचवणारं औषध माशांना मारतं की काय, हे आधीच बघून ठेवायचं, ते आमचं काम.

प्रत्येक टाकीत बोटाच्या पेराएवढे दहा मासे सोडायचे. पहिल्या टाकीत औषध नावापुरतं, दुसरीत थोडं जास्त, असं वाढवत वाढवत पाचवीत भरपूर. सहाव्या टाकीत काहीच नाही. ती सहावी मी.

"हिच्यात काही घालायचं नाही म्हणजे ही कोरी," असं मास्तर म्हणाले आणि तेच माझं नाव पडलं. मास्तर म्हणजे बाईंचे सहायक. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. नोकरी बदलली तरी समजावून सांगायची खोड गेली नव्हती. शाळेची मुलं बघायला आली की ते माझ्यापाशी उभे राहून सांगायचे, "मासे उकाड्याने मरतात, शिळ्या पाण्याने मरतात, नुसते घाबरूनही मरतात. मग औषधानेच मेले हे कशावरून? तर कोरीवरून. कोरीतले जगले आणि बाकीचे मेले, तर दोष औषधाचा. कोरीतलेच मेले, तर चाचणी रद्द. सगळं ओतून द्यायचं आणि पहिल्यापासून सुरू." दहातला एखादा गेला तर बाई माफ करत. त्याहून जास्त नाही.

म्हणजे मित्रांनो, काही न करण्याचं काम माझं आणि सगळा भरवसा माझ्यावर. मला चढायला आणखी काय हवं होतं? शेजारणींकडे मी जरा तिरपंच बघायची. मास्तर मला हात लावण्यापूर्वी साबण न लावता, वाहत्या पाण्याखाली कोपरापर्यंत हात धुवायचे. माझं जाळं वेगळं, त्याला पांढरा दोरा बांधलेला. माझ्यासाठी नळाचं पाणी आधी उघड्या पिंपात मुरवून ठेवायचे, म्हणजे त्यातला क्लोरीनचा वास उडून जावा. बाहेरचे तपासनीस आले की माझ्या काचेवर टिचकी मारून म्हणायचे, "ही टाकी बघून समाधान वाटतं." त्या दिवशी मला टवका आहे हेसुद्धा मी विसरून जायची.

पण एक गोष्ट मात्र कधी सवयीची झाली नाही. शेजारच्या काचेपलीकडे मासे कलंडताना दिसत. आधी एकच, मग बाकीचे. माझ्यातले मजेत फिरत असताना ते बघावं लागे. एका शाळकरी मुलीने मास्तरांना सरळ विचारलं होतं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?" मास्तर म्हणाले, "वाटतं. इथे थोडे गेले तर तिथे तळंच्या तळं वाचेल, असं आम्ही स्वतःला समजावतो. आणि म्हणून इथलं काम खोटं होऊन चालत नाही. खोटं झालं तर हे फुकट मेले." ते बोलणं मी जपून ठेवलं आहे.

आता त्या दिवसाकडे येते.

गावाच्या चढावर कीटकनाशकांचं एक गोदाम होतं. त्याचं छप्पर खचलं, पिंपं फुटली आणि खालची अख्खी गल्ली विषाने माखली. तिथल्या लोकांना नेसत्या कपड्यांनिशी बाहेर काढून शाळेच्या सभागृहात ठेवलं. गल्ली धुतल्याशिवाय कुणाला घरी जाता येणार नव्हतं. बंबवाल्यांकडे नवं औषध आलं होतं, पण ते वापरण्याआधी बाईंची परवानगी लागायची. कारण गल्लीचं गटार थेट तळ्यात उतरायचं.

आणि ते तळं मास्तरांच्या थोरल्या भावाचं होतं. दादाने ते भाड्याने घेऊन त्यात मासे वाढवले होते. घरातली सगळी माणसं त्यावर जगत होती. मास्तर दर सुट्टीला तिथेच असायचे.

बाईंनी आडून आडून काही विचारलं नाही. "मास्तर, तुमच्या दादांचं तळं आहे. तुम्ही या चाचणीत राहणार?"

"राहतो, बाई. त्याचं आहे म्हणून जास्तच नीट राहतो."

चाचणी लागली. एरवी आम्हाला चार दिवस मिळत. या वेळी बंबवाल्यांच्या साहेबांनी एकच दिला. साहेब उंच, घाईचे आणि मनाने मोकळे होते. बोलायला लागले की खिडकीची काच थरथरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गल्लीतूनच तडक आले. वरच्या घराच्या पायऱ्यांवर त्यांनी औषध थोडं मारून पाहिलं होतं, ते म्हणे छान लागू पडत होतं. बाई आणि मास्तर शेजारच्या खोलीत औषध मोजत होते. खोलीत साहेब एकटे आणि आम्ही सहा जणी.

त्यांनी ओळीने सगळीकडे पाहिलं. पाचही टाक्यांत मासे फिरत होते. पाचवीतले जरा सुस्त होते, पण फिरत होते. साहेबांचा चेहरा खुलला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझी हवेची नळी निसटून वर आली होती आणि बुडबुडे थांबले होते. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. दुसऱ्याची अडचण दिसली की हात घालायचा, हा त्यांचा धंदाच. त्यांनी सरळ माझ्यात हात घातला, मनगटाच्याही वर, कोटाची बाही बुडवून. नळी तळाशी पक्की बसवली.

"घ्या रे, घ्या हवा," ते माझ्या माशांना म्हणाले. आवाजात माया होती. म्हणूनच मला अजून त्यांचा राग येत नाही.

पण मला लगेच कळलं. साध्या पाण्यात आयुष्य गेलेल्या टाकीला कळणार नाही तर कुणाला? बाहीच्या घडीतून काहीतरी सुटून पाण्यात उतरलं. त्याला रंग नव्हता. सांध्यातल्या गोंदाला ते चिकटलं. साहेब हात झटकत शेजारच्या खोलीच्या दारात गेले आणि म्हणाले, "बाई, सगळे ठणठणीत आहेत. दुपारी परवानगीचा कागद न्यायला येतो. माणसं तिकडे खोळंबलीत." आणि जिना उतरून गेलेसुद्धा.

मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. आधी एक मासा वर आला आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडमिट करू लागला. मग तो थरथरला. नंतर दुसरा गोल गोल फिरू लागला, शेपटीमागे लागल्यासारखा. शेजारणी, ज्यांच्या पोटात औषध होतं, त्यांचे मासे मजेत. आणि मी, कोरी, माझ्यातले कलंडत होते. हवेची नळी इमानाने बुडबुडे सोडत होती. त्या बुडबुड्यांबरोबर ते विष सगळीकडे फिरत होतं आणि मला काहीही करता येत नव्हतं.

मास्तर आले ते बोलत बोलत आले आणि अर्ध्या वाक्यात थांबले. कोपरापर्यंत हात धुवून त्यांनी पांढऱ्या दोऱ्याचं जाळं घेतलं. पण ते पाण्यात न घालता माझ्या काचेला नाक लावून आत पाहत राहिले. "कोरे, काय झालं गं तुला?" ते पुटपुटले. माणसं जेवणाचे डबे उघडायच्या वेळेला माझ्यात दोनच मासे हलत होते.

बाई आल्या. पाहिलं. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"उलटंच झालंय," शेवटी त्या म्हणाल्या. "औषधातले जिवंत आणि पाण्यातले मेले."

तेवढ्यात साहेब कागद न्यायला आले. झाला प्रकार ऐकून त्यांचा पारा चढला. "एक टाकी सोडून द्या ना, बाई! पाच टाक्या सांगताहेत औषध चांगलं आहे. सभागृहात म्हातारी माणसं आहेत, तान्ही मुलं आहेत. एका टवकेवाल्या टाकीसाठी त्यांना अडकवून ठेवू?"

"तीच टाकी सोडली तर बाकीच्या पाचांना अर्थ नाही, साहेब."

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मग हळू आवाजात, तो त्यांना शोभत नव्हता, म्हणाले, "तळं तुमच्या भावाचं ना? चाचणी रद्द झाली की धुणं लांबलं. धुणं लांबलं की तळं वाचलं. आणि या टाकीला तुमच्याशिवाय कुणी हात लावत नाही म्हणतात."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. मी सगळं पाहिलं होतं. साहेबांची ओली बाही माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. आणि मी काच होते, नुसती काच.

मास्तर साहेबांशी बोललेच नाहीत. बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, मला बाजूला करा. चावी घ्या, घरी जातो. माझ्यावर संशय घ्यायचा तर खुशाल घ्या. पण कोरीला खोटं पाडू नका. ती काहीतरी सांगतेय."

"सांगतेय कसलं!" साहेब उसळले. "सकाळी मी स्वतः हिची नळी बसवली, तेव्हा चांगले टुणटुणीत होते हे मासे!"

बाई खुर्चीतून उठल्या. "तुम्ही हिच्यात हात घातलात?"

"घातला. हवा बंद पडली होती. मदत केली, त्यात काय बिघडलं?"

"कुठला हात?"

साहेबांनी उजवा हात पुढे केला. "स्वच्छ आहे, बघा. गल्लीतून निघताना औषधानेच धुतलाय. हातमोजे, बूट, सगळं धुतलंय, शिस्तीत."

"आणि बाही?"

साहेबांनी बाहीकडे पाहिलं. ती मनगटाशी ओली, गार आणि जड झालेली होती. पायऱ्या धुताना उडालेलं पाणी तिने सकाळपासून पिऊन ठेवलं होतं.

"कोट काढा," बाई म्हणाल्या.

एवढा मोठा साहेब, पण त्यांनी गुपचूप कोट काढला. बाईंनी हातमोजे घालून बाही एका चंचुपात्रात पिळली. त्यातले मोजके थेंब एका बरणीतल्या स्वच्छ पाण्यात टाकले. दुसऱ्या बरणीत तेवढेच थेंब डब्यातल्या ताज्या औषधाचे. दोन्हींत मासे सोडले आणि तिघं उभे राहिले. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. ताज्या औषधातले मासे फिरत राहिले. बाहीच्या पाण्यातला पहिला मासा थरथरला, गोल फिरला आणि कलंडला, अगदी माझ्यातल्यासारखा.

"म्हणजे औषध वाईट?" साहेब कसेबसे म्हणाले.

"एकटं असतं तेव्हा गरीब आहे," बाई म्हणाल्या. "पण ते त्या विषाला भेटलं की दोघांचं मिळून तिसरंच काहीतरी होतं आणि ते दोघांहून जहाल आहे. नुसत्या त्या विषाच्या एवढ्या थेंबांनी मासे इतक्या लवकर मेले नसते. चूक आमचीच, साहेब. आम्ही डब्यातलं औषध तपासत बसलो. तळ्यात डबा थोडाच जाणार होता? धुवण जाणार होतं. ते तपासायचं कुणाला सुचलंच नाही."

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "मी पोरांना सांगून आलोय. परवानगी आल्यातच जमा आहे, वरून सुरू करा म्हणून."

त्यांनी फोन लावला. तिकडे बंबांचे पंप चालू असणार, कुणी उचलेना. पुन्हा लावला. मग कोट तिथेच टाकून ते जिन्याकडे धावले, आणि त्यांच्यामागे मास्तर. जिन्यावरून साहेबांचा आवाज आला, "गटाराचं तोंड कुठेशी आहे, माहीत आहे का तुम्हाला?" आणि मास्तरांचा, "डोळे मिटून दाखवतो!"

ती संध्याकाळ मला विसरता येत नाही. बाई खिडकीशी उभ्या होत्या, फोन हातात धरून. माझ्यातला एक मासा गेला. उरलेल्या एकाला त्यांनी स्वच्छ बरणीत काढलं. मग मी रिकामी होईन म्हणून वाट पाहत राहिले, पण मला कुणी ओतलं नाही. ते पाणी आता पुरावा होतं.

मास्तर दुसऱ्या दिवशी आले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. माझ्यासमोर उभे राहून एकच शब्द म्हणाले, "वाचलं." मग बाईंना सगळं सांगितलं. पाणी गटारात उतरलंच होतं. साहेबांनी अंगातला सदरा काढून गटाराच्या तोंडात कोंबला, मागून वाळूची पोती आली, दादा तर फळी आडवी धरून स्वतःच आत बसला. मग टँकर लावून सगळं धुवण उपसून नेलं. "दादा अजून माझ्यावर ओरडतोय, की बसायला दुसरी जागा मिळाली नाही का म्हणून," मास्तर म्हणाले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

गल्ली पुढे तशीच धुतली, पण एक थेंब तळ्याकडे जाऊ दिला नाही. लोक घरी गेले. बरणीतला तो मासाही जगला. वाकडा पोहायचा, पण जगला. साहेब एकदा आले, मास्तरांसमोर बराच वेळ टोपी हातात फिरवत उभे राहिले. "मास्तर, मी त्या दिवशी जे बोललो..." मास्तर म्हणाले, "बसा, चहा घ्या." तेवढंच.

सगळ्यांचं भलं झालं. माझं मात्र झालं नाही. मास्तरांनी मला पुन्हा पुन्हा धुतलं, उन्हात वाळवलं, पुन्हा धुतलं. पण बाईंनी माझ्या सांध्यांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "काच धुऊन निघेल. गोंदात काय मुरलंय, कसं सांगणार?"

"बाई, हिच्यामुळे तळं वाचलं."

"म्हणूनच म्हणते. कोरीला खोटं पाडू नका, असं तुम्हीच म्हणालात. हिला परत फळीवर ठेवली तर एक दिवस ती खोटी पडेल."

मास्तरांनी माझ्या कोपऱ्यातला टवका एकदा चाचपला. मला फार वाईट वाटलं, ते लपवत नाही. माझ्या जागेवर नवी टाकी आली, टवका नसलेली. मी मागच्या गॅलरीत मोडक्या स्टुलांशेजारी पडले. पावसाचं पाणी साचलं, शेवाळ धरलं. ज्यांनी टिचक्या मारून कौतुक केलं होतं, ते माझ्यावर ओली फडकी वाळत घालू लागले. मास्तर निवृत्त झाले तेव्हा मला मागून घेऊन दादाच्या तळ्यावर आले. दादाला माझ्यात माशांची पिल्लं ठेवायची होती. मास्तर म्हणाले, "नाही, दादा. हिच्यात मासा नको. सुतळी ठेव."

तेव्हापासून मी या खोपटात आहे. माझ्या काचेतून तळं दिसतं. ऊन कललं की मासे उड्या मारतात.

मित्रांनो, एक मागणं आहे. गटारात काहीही ओतताना, मग ते कितीही चांगलं औषध असो, ते वाटेत कुणाला भेटेल आणि शेवटी कुणाच्या घरी पोहोचेल, एवढं विचारा. आणि जिथे काही घालायचं नसतं तिथे मदत म्हणूनही हात घालू नका. आधी हाक मारा. एवढं केलंत तर माझ्यासारखीला फळीवरून उतरावं लागणार नाही.

मास्तर आता थकले आहेत. जाळं विणायला अधूनमधून येतात. दादा ओरडतो, "अरे, ती सुतळी दे लवकर!" पण मास्तर घाई करत नाहीत. ते तळ्याच्या काठाशी बसतात, साबण न लावता कोपरापर्यंत हात धुतात, आणि मगच माझ्यात हात घालतात.